पाहुण्याच्या गळ्यात वीणा

"पाव्हणं, जरा धरता का? घराकडं जाऊन आलोच."

असं म्हणून त्या माणसाने माझ्या होकाराची वाट न बघता वीणेचा पट्टा माझ्या गळ्यात अडकवला, कपाळाला बुक्का लावला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. पायांवर डोकं ठेवणाऱ्याला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, त्यामुळे मीही वाकलो. वाकून उठेपर्यंत तो देवळाच्या पायऱ्या उतरायला लागला होता. तिथूनच त्याने मला नियम सांगितले. "बसायचं न्हाई, खाली ठिवायची न्हाई, वाजायची थांबवायची न्हाई. आन् देवाच्या नावाबिगर तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. माणूस येतोयच."

मी त्या गावात मुलगी बघायला गेलो होतो.

डिजिटल बोर्ड नुकते निघाले होते, त्या काळातली ही गोष्ट. मी तालुक्याच्या मोजणी खात्यात भूकरमापक होतो. म्हणजे दिवसभर कुणाच्या तरी बांधावर उन्हात उभं राहायचं, जमीन मोजायची आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. आडनाव दहातोंडे, पण एकही तोंड वेळेवर उघडत नाही, असं मामा म्हणायचे. यात खोटं काही नव्हतं. आधी दोन ठिकाणी मुली बघायला गेलो तेव्हा मी पोहे खाल्ले, चहा प्यालो आणि परत आलो. दोन्हीकडून एकच निरोप आला, की मुलाला बोलता येतं का, ते आधी कळवा.

तेव्हापासून माझं लग्न मामांनी हातात घेतलं. मामा एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते आणि तयारीशिवाय ते अंघोळीलासुद्धा जात नसत. त्यांनी माझी तालीम घेतली. मामा मुलीचे वडील व्हायचे, मामी डोक्यावर पदर घेऊन मुलगी व्हायची, आणि मी समोर बसून पाठ केलेले प्रश्न विचारायचो. आवडनिवड, वाचनाची गोडी, पुढे शिकायची इच्छा. मामीने एकदा खरोखरच पुढे शिकायची इच्छा आहे असं सांगितलं, तर मामा म्हणाले की तालमीत फाटे फोडू नकोस. पोटात जागा हवी म्हणून सकाळपासून मला उपाशी ठेवलं होतं. आणि गावात शिरल्यावर आधी देवदर्शन करायचं, हेही ठरलेलं होतं. भाविक मुलगा म्हणून छाप पडते. दंडवत घालायचा, पण पँटची इस्त्री सांभाळून.

"मी पुढे होतो, वातावरण बघतो," मामा देवळाच्या दारात म्हणाले. "तू दर्शन घेऊन दहा मिनिटांत ये. आणि माधव, हे तिसरं स्थळ आहे. हेही गेलं तर मी हात झटकले, असं समज."

लग्न तर मला करायचं होतं. खोलीवर एकट्याने भात शिजवून एकट्याने खायचा मला कंटाळा आला होता. शिवाय या मुलीचा फोटो आला होता. स्टुडिओतला, मागे रंगवलेला धबधबा असलेला. तोंडावर इतकी पावडर होती की नाकडोळे नीट कळत नव्हते, पण नजर कळत होती. फोटोग्राफरचं काहीतरी चुकतंय आणि ते ती त्याला आता सांगणार आहे, अशी ती बघत होती. तो फोटो मी पाकिटात ठेवला होता. मामांना हे माहीत नव्हतं.

मुलीचे वडील अंकुशराव वाबळे. त्यांना पंचायत समितीचं तिकीट हवं होतं आणि जावई मोजणी खात्यातला हवा होता, कारण भावकीतल्या तिघांशी त्यांचे बांधांचे वाद चालू होते. आम्हाला त्यांनी मुद्दाम सप्ताहात बोलावलं. त्याच दिवशी आमदार येणार होते, म्हणजे पाहुण्यांना आपलं वजन दिसेल, असा हिशेब.

वजन तर फाट्यापासूनच दिसत होतं. कमानीमागून कमानी, आणि प्रत्येक कमानीवर बोर्ड. स्वागत समिती, भोजन समिती, मंडप समिती, पार्किंग समिती, प्रसिद्धी समिती. प्रत्येक समितीत वीसपंचवीस चेहरे, निम्म्यांच्या डोळ्यांना गॉगल आणि निम्म्यांच्या कानाला मोबाइल. सगळ्यांच्या वर अंकुशराव हात जोडून उभे, आणि त्यांच्याही वर, जागा उरली तेवढ्यात, विठोबा.

पहारा समितीचा बोर्ड देवळात, माझ्या अगदी नजरेसमोर लावला होता. सप्ताह म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सात दिवस अखंड नामस्मरण चालतं आणि त्या सात दिवसांत वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्याचा त्याचा पहारा ठरलेला असतो. वीणा टेकली की सप्ताह मोडला, आणि मोडलेला सप्ताह गाव पिढ्यान्‌पिढ्या विसरत नाही. या गावचा सप्ताह अंकुशरावांच्या वडिलांनी, आबांनी, सुरू केलेला होता आणि आजवर कधी मोडला नव्हता. हेही बोर्डावर लिहिलेलं होतं.

बोर्ड वाचायला मला भरपूर वेळ मिळाला. पहारा समितीला अध्यक्ष होते, कार्याध्यक्ष होते, उपाध्यक्ष, सहउपाध्यक्ष, निमंत्रक, सहनिमंत्रक आणि मार्गदर्शक होते. वीणा धरणारा असा मात्र त्यात कुणी नव्हता.

देवळात त्या वेळी पुरुष असा मी एकटाच. म्हणजे तसे एक कारभारी बाबा होते, गावातले सगळ्यात जुने माळकरी. कंबर मोडल्यापासून ते देवळाच्या कोपऱ्यात घोंगडीवर पडून असत. माझं बोट जरा मंदावलं की तिकडून आवाज यायचा, "वाजतीय का न्हाई?" मग मी पुन्हा तार छेडायचो. टाळकरी सगळे बाजारतळावर गेले होते, कारण आमदारांचा सत्कार तिथे होता आणि टाळ वाजवणारी माणसं मिरवणुकीत चांगली दिसतात. उरल्या डाव्या बाजूच्या बायका. सातआठजणी भिंतीला टेकून वाती वळत बसल्या होत्या. मधल्या खांबापाशी जी बसायची ती मात्र वाती वळत नसे, नुसती बसायची. थोड्या वेळाने ती उठून गेली की दुसरी येऊन नेमकी त्याच जागी बसायची. केस ओले, पातळ धुतलेलं. मोजणीतल्या माणसाचं लक्ष अशा गोष्टींकडे जातं, पण त्याचा अर्थ लावण्याइतकं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. बायकांच्या टोकाला एक तरुण मुलगी समईत तेल घालत होती. डोक्यावरून पदर होता, म्हणून मी तिला कुणाची तरी सून समजलो. ती मधूनमधून माझ्याकडे बघायची आणि पुन्हा समईकडे वळायची.

दहा मिनिटं गेली, मग पुष्कळच गेली. छातीवर बिल्ला लावलेला एक माणूस मोटारसायकलवरून आला. बोर्डावर मी त्याला पाहिलं होतं, तो सहउपाध्यक्ष होता. मला हायसं वाटलं आणि मी वीणा जरा पुढे केली. त्याने लांबूनच नमस्कार केला, मोबाइल काढून माझा फोटो घेतला आणि कुणाला तरी कळवलं की देवळात पहारा एकदम व्यवस्थित चालू आहे, मी स्वतः खात्री केली. मग गेला. त्यानंतर आलेला माणूस भोजन समितीचा निघाला. मी डोळ्यांनी विनवलं, तेव्हा त्याने बिल्ला दाखवून सांगितलं की पहाऱ्यात हात घातला तर पहारा समितीला राग येतो, परवाच त्यावरून बाचाबाची झाली होती.

मग मामा आले. त्यांचा चेहरा घामाने आणि संतापाने लाल झाला होता.

"माधव, अरे मी तिथे सगळं जुळवून आणतोय आणि तू इथे काय लावलंयस हे?"

"रामकृष्णहरी," मी म्हणालो.

"ते कळलं. उतरव आधी."

"रामकृष्णहरी." मी मान हलवली, जमिनीकडे बघितलं, वर बघितलं, दाराकडे बघितलं. एवढ्यात सगळा नियम सांगून झाला असं मला वाटलं.

मामांना काहीच कळलं नाही. त्यांनी एका दमात सांगितलं की पोहे झाले, निवले, पुन्हा गरम केले, शेवटी त्यांनाच दोन बशा खाव्या लागल्या. तिकडची माणसं मुलगी तयार होतेय म्हणतात. तासाभरापासून तयार होतेय. एवढा वेळ कसली तयारी करतात या मुली, कोण जाणे. यावर बायकांमध्ये कुणीतरी हसू दाबलं. मी वीणा मामांच्या दिशेने किंचित कलती केली. मामा दोन पावलं मागे सरले.

"मला सायटिका आहे," ते म्हणाले, आणि वातावरण सांभाळायला परत गेले.

आतापर्यंत मला मजा वाटत होती असं म्हणत नाही, पण रागही आला नव्हता. तो अंकुशरावांमुळे आला. ते आमदारांना घ्यायला वेशीवर निघाले होते. पांढरे कपडे, गळ्यात उपरणं, मागे वीसपंचवीस माणसं. ते आत शिरले तशी समईजवळची मुलगी आमच्याकडे पाठ करून बसली. वडीलधाऱ्यांची मर्यादा राखतेय असं मला वाटलं.

मला पाहून अंकुशरावांचे डोळे भरून आले. खरोखर भरून आले, ते त्यांना केव्हाही जमायचं. "याला म्हणतात संस्कार," ते मागे वळून म्हणाले. "मुलगी बघायला आलेला मुलगा पोहे सोडून वीणा घेतो. आबा असते तर धन्य झाले असते." मग त्यांनी जरबेने विचारलं की पहारा समिती कुठे आहे. पहारा समिती त्यांच्या मागेच उभी होती. अध्यक्षांच्या हातात आमदारांचा हार होता, कार्याध्यक्षांच्या हातात फेटा, निमंत्रकांच्या हातात फटाक्यांची माळ. सगळ्यांचेच हात गुंतलेले होते.

"पाच मिनिटांत माणूस पाठवतो," अंकुशराव म्हणाले.

आणि त्यांनी पाठवलाही. तो फोटोग्राफर होता.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. मान दुखत होती, ती दुखायची थांबली आणि तिथे मान आहे की नाही तेच कळेना. बांधावर मी दिवसभर उभा राहत असे, पण तिथे पाणी मिळतं, शिव्या देता येतात. इथे पोटात सकाळपासून काही नाही आणि तोंडात एकच शब्द. मामांना वैताग आलेला, पोहे संपलेले, तिसरं स्थळ हातचं गेलेलं. पाकिटातला तो फोटो आता परत करावा लागणार, असा विचार आला आणि माझा मलाच राग आला. लोकांचा सप्ताह, लोकांची वीणा, आणि लग्न मोडायचं माझं. काढून ठेवावी आणि सरळ एसटी पकडावी. कोण अडवणार होतं? अडवायलाच कुणी असतं तर मी कशाला उभा राहिलो असतो?

पण खाली ठेवायला वाकवेना. ती भक्ती होती असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आपल्या हातून तरी मोडू नये एवढंच वाटत होतं.

मग डोळ्यांपुढे काजवे चमकले. गुडघा वाकला आणि वीणेचा भोपळा फरशीकडे गेला. फरशी अगदी जवळ आल्याचं मला दिसलं.

"द्या," कुणीतरी म्हणालं.

खांबापाशी बसलेली बाई माझ्यासमोर उभी होती. पन्नाशीची, काळीसावळी, गळ्यात तुळशीची माळ, पदर खोचलेला. तिच्या शेजारी समईवाली मुलगी होती आणि तिने एका हाताने वीणेचा दांडा वरच्या वर धरून ठेवला होता.

मी दचकलो. आमच्या गावात बाईच्या हातात कुणी वीणा देत नसत, आणि इथेही ती कुणी दिलेली नसणार. दिली तर हे स्थळ नुसतं जाणार नव्हतं, जाताना मला चार पायताणंही मारून जाणार होतं. मी कारभारी बाबांकडे पाहिलं. ते कोपरावर उठले होते.

"कौशे," ते मुलीला म्हणाले, "आजवर बाईमाणसाच्या हातात गेली न्हाई ती."

"मग बाबा, तुम्ही घ्या," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. जेवायला वाढू का असं विचारावं तसं तिने विचारलं.

बाबांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. बाजारतळावरून फटाक्यांचे आवाज येत होते.

"हातपाय धुतल्यात का तिनं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"अंघोळ करून बसलोय आम्ही, बाबा," मुलगी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून बसतोय. जिचा पहारा ती खांबाशी."

बाबा आडवे झाले, भिंतीकडे तोंड केलं आणि घोंगडी डोक्यावर ओढून घेतली. आतून आवाज आला, "म्या झोपलोय. मला काय दिसलं न्हाई."

मी वीणा दिली. त्या बाईने, सरूआत्याने, मला रीतसर बुक्का लावला, माझ्या पायांवर डोकं ठेवलं, मी तिच्या पायांवर ठेवलं. पट्टा गळ्यातून निघाला तेव्हा मान हलकी झाली आणि मला एकदम रडू आलं. मी तिथेच फरशीवर बसलो. सरूआत्याचं बोट तारेवर पडलं. सूर माझ्यापेक्षा बरा होता.

मुलीने माझ्यासमोर तांब्या ठेवला आणि गुळाचा खडा आणि शेंगदाणे. ते आधीपासून एका ताटलीखाली झाकून ठेवलेले होते.

"रामकृष्णहरी," मी म्हणालो.

"आता बोललात तरी चालेल," ती म्हणाली.

मी खात होतो, ती सांगत होती. आबा असताना दिवाळी झाली की ते सप्ताहासाठी घरोघर जायचे आणि बोट धरून ही नात बरोबर. कुणाची दूध काढायची वेळ कधी, कुणाच्या मोटारीला वीज कधी येते, कुणाचे गुडघे चढउतार करत नाहीत, कुणाचं कुणाशी पटत नाही म्हणून एकाच्या हातून दुसरा वीणा घ्यायचा नाही, हे सगळं ते ओट्यावर बसून विचारून घ्यायचे. चहा पिऊन पिऊन त्यांचं पित्त खवळायचं. यंदा तिच्या वडिलांनी समिती केली. ज्यांच्या घरी आबा जायचे ते सगळे समितीत पदाधिकारी झाले. पदाधिकारी झालेल्या माणसाला पहारा कोण विचारणार? तिने वडिलांना दोनदा सांगून पाहिलं. समिती बघेल, असं उत्तर मिळालं. मग ती बायकांच्या घरी गेली, ओट्यावर बसून तेच सगळं विचारायला.

"पण मग पहिल्या दिवसापासून तुम्ही घेतली का नाही?" मी विचारलं.

"मागायची नाही असं ठरलंय आमचं," ती म्हणाली. "पुरुष आहेत तोवर त्यांनी धरावी. पडायला लागली तर मात्र पडू द्यायची नाही."

तेवढ्यात बाहेर हलगी वाजली आणि दारात गर्दी झाली. अंकुशराव आमदारांना घेऊन दर्शनाला आले होते. ते वाट दाखवत पुढे, आणि म्हणून त्यांनी आधी पाहिलं. वीणा सरूआत्याच्या गळ्यात. होणारा जावई फरशीवर बसून शेंगदाणे खातोय. आणि घरात तयार होत असलेली मुलगी त्याच्यासमोर तांब्या घेऊन उभी. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मागे पहारा समिती होती, तिचे तर फेटेच सैल झाले.

फोटोतली नजर मला तेव्हा ओळखू आली. ती वडिलांकडे तशीच बघत होती.

आमदारांनी आत पाऊल टाकलं, वीणेला हात जोडले आणि म्हणाले, "अरे वा. महिलांच्या हाती वीणा. अंकुशराव, हे नवीन दिसतंय."

अंकुशरावांचा उघडा जबडा मिटायला एक क्षण लागला. त्या सबंध सप्ताहातलं मी पूर्ण होताना पाहिलेलं नियोजन तेवढंच.

"साहेब," ते म्हणाले, "वर्षभर तयारी चालू होती. आबांचं स्वप्न होतं. म्हटलं, आपल्या घरापासून सुरुवात करू. ही आमची कन्या, कौसल्या." आणि त्यांचे डोळे भरून आले.

आमदारांनी कौसल्येला विचारलं की एवढी मोठी तयारी कशी केली.

"काही नाही," ती म्हणाली. "बसून होतो."

तिची नम्रता सगळ्यांना फार आवडली. आमदारांनी तिथल्या तिथे सांगितलं की अशी दृष्टी असलेला माणूस पंचायत समितीत हवा. फोटोग्राफरने सरूआत्याला जरा बाजूला सरकायला सांगितलं, कारण तिच्यामुळे अंकुशराव झाकले जात होते. ती सरकली नाही, डोळे मिटून नाम म्हणत राहिली. कोपऱ्यात घोंगडीखाली कारभारी बाबा घोरत होते, जरा जास्तच मोठ्याने. महिला पहारा समितीची घोषणा त्याच जागी झाली. तिचा बोर्ड पुढच्या वर्षी लागला, त्यावर अंकुशराव आणि बारा पुरुष होते.

मामा गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. त्यांनी मला बाजूला ओढून हळू आवाजात सांगितलं की घाई करू नकोस. मुलगी पाहुणे आलेले असताना घरात नाही. बापाला न विचारता गावाची पद्धत फिरवते. अशी मुलगी डोक्यावर बसेल.

"बसू द्या," मी म्हणालो.

मामा माझ्याकडे बघतच राहिले. तालमीत हे वाक्य नव्हतं.

अंकुशराव तिकिटाच्या आनंदात होते. आमदारांची गाडी हलल्यावर त्यांनीच जाहीर केलं की आता पोह्यांचं काय, मुलामुलीला बोलू द्या. आम्हाला देवळामागच्या पायऱ्यांवर पाठवण्यात आलं. आतून वीणेचा आवाज येत होता. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला मामा पाठ करून उभे राहिले, म्हणजे त्यांना सगळं नीट ऐकू येणार होतं.

"विचारा," कौसल्या म्हणाली.

आवडनिवड, वाचनाची गोडी, पुढचं शिक्षण. एकही प्रश्न आठवेना. मी म्हणालो, "मला वीणा देऊन गेला तो माणूस कुठे आहे? घराकडे जाऊन येतो म्हणाला होता."

"सोपानकाका झोपलेत. कालपासून ते एकटेच उभे होते, पाय सुजलेत त्यांचे. मीच त्यांना सांगितलं, त्या पाहुण्यांना द्या आणि परत येऊ नका."

"मलाच का?" मी विचारलं.

"तुम्ही दंडवत घालत होता," ती म्हणाली. "पँटची इस्त्री सांभाळून. मला कळेना, हा माणूस खरा कसा आहे. वडिलांनी तुमचा पगार विचारला होता, घर विचारलं होतं, बांधाच्या कामाला येतील का तेही विचारलं होतं. कुणी बघत नसताना उभे राहता का, हे कुणालाच माहीत नव्हतं."

राग यायला हवा होता आणि थोडा आलाही. पोट उपाशी, मान मोडलेली, आणि ही समईत तेल घालत माझी मोजणी करत होती.

"आणि मी टाकून दिली असती तर?" मी विचारलं. "किंवा पडली असती तर? एवढ्या वर्षांचा सप्ताह तुम्ही एका परक्या माणसाच्या गळ्यात अडकवलात. मोडला असता म्हणजे?"

तिने माझ्याकडे फोटोतल्यासारखं पाहिलं.

"वीणा तुमच्या भरवशावर सोडली नव्हती," ती म्हणाली. "सरूआत्या होत्या. त्यांच्यामागे पार्वताकाकू होत्या. मी तर समईजवळच होते, दोन हातांवर. तुमच्या भरवशावर फक्त तुम्हीच होता."

वर मामा खाकरले. वेळ संपत आल्याची ती खूण होती. मी कधी नव्हे ते घाईने तोंड उघडलं.

"पुढच्या वर्षी मला कुठला पहारा द्याल?"

ती पहिल्यांदाच गडबडली. पदराचं टोक हातात घेतलं, सोडलं, आणि आतल्या वीणेकडे कान देऊन जरा विचार केला. कुणाच्या दुधाची वेळ, कुणाची मोटार, कुणाचे गुडघे, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असावं.

"दुपारचा," ती म्हणाली. "तो कुणी घेत नाही."

तो अजून माझ्याकडेच आहे.